बायनामावशींच्या मालकांचं नाव

१९ जुलै १९९८, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.

देवळाच्या कमिटीने इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेतला. आठ फूट लांब, लाल दिव्यांचा. अक्षरं उजवीकडून डावीकडे पळतात. कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरमध्ये मजकूर तयार करायचा, वायरीतून बोर्डाला पाठवायचा. सिरसाळ्यात पहिलाच. अध्यक्ष आप्पांनी विचारलं, कॉम्प्युटर कुणाला येतो? मी हात वर केला. बाकी कुणी केला नाही, हे नोंदवून ठेवतो.

माजलगावला महिन्याचा कोर्स केला आहे मी. सर्टिफिकेट दुकानात वह्यांच्या कपाटावर लावलं आहे. प्रत्यक्षात नऊच दिवस गेलो होतो, पण सर्टिफिकेटवर कुणी दिवस लिहीत नाही.

सौ. शिवगंगा म्हणाली, अवो, घरचा मिक्सर तुमाला लावता येईना. तिला समजावलं की मिक्सर हे हार्डवेअर आहे.

२१ जुलै

कंपनीचा माणूस औरंगाबादहून आला. गेवराईला वाळूच्या ट्रकांमागे अडकला, म्हणून चार तास उशीर. बोर्ड सभामंडपाच्या कमानीवर चढवला, कॉम्प्युटर ऑफिसात ठेवला. आप्पांनी नारळ फोडला, गुरवाने मॉनिटरला भस्माचे तीन पट्टे ओढले.

सँपल म्हणून त्याने 'ॐ नमः शिवाय' टाकलं. मग म्हणाला, टेस्टिंगला आणखी एखादं नाव सांगा. माझ्या तोंडून माझंच गेलं. मुद्दाम नाही.

लाल अक्षरांत 'केदारनाथ' पळालं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. सगळ्यांनी हात जोडले. देवाचं नाव समजले. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की केदारनाथ स्टेशनरी मार्ट समोरच उभा आहे. थोडं वाईट वाटलं.

सँपलची दोन्ही नावं त्याने तशीच चालू ठेवली. जाताना दोन फ्लॉप्या आणि एकशेचाळीस पानी इंग्रजी पुस्तक दिलं. म्हणाला, तुम्हाला लागेल ते दुसऱ्या चॅप्टरमध्ये आहे. मी म्हटलं, मी क्रमाने जाणारा माणूस आहे. पहिल्या चॅप्टरचं नाव 'गेटिंग स्टार्टेड'.

२२ जुलै

मुख्य काम लिहायचं राहिलं.

बोर्डासाठी पैसे कमी पडत होते तेव्हा बायनामावशींनी गळ्यातली बोरमाळ काढून दिली. त्यांचे मालक राधाकिशन. तीस वर्षं दर सोमवारी खांद्यावर कावड घेऊन महादेवाला पाणी आणायचे. मार्गशीर्षात गेले. पोटी मूल नाही. मावशींची एकच अट होती: सोमवारी बोर्डावर मालकांचं नाव आलं पाहिजे. म्हणाल्या, नाव चालवायला पोटी कुणी न्हाई, बोर्डावर तरी चालू द्या. कमिटीने एकमताने मान्य केलं. काम माझ्याकडे.

आज दुकानात आल्या. नवऱ्याचं नाव त्या तोंडाने घेत नाहीत, आधीही घेत नव्हत्या. म्हणाल्या, त्यांचं म्हाईत हाय ना तुमाला, शेट? मी म्हटलं, राधाकिशनरावांना कोण ओळखत नाही? नाव ऐकून पदर सावरला आणि पायऱ्या उतरून गेल्या. वाचता येत नाही, पण बघायला येणार म्हणाल्या.

श्रावणातला पहिला सोमवार २७ तारखेला. पाच दिवस. काम एका दिवसाचं.

२४ जुलै

पहिला चॅप्टर तीनदा वाचला. मशीन चालू कसं करावं ते आहे. मशीन चालूच होतं.

शाळांच्या वह्यांचा सीझन. दुकान सोडता येत नाही.

एक विचार आला. नुसतं नाव टाकणं म्हणजे कुणीही टाकेल. डिझाइन पाहिजे. नावाभोवती बेलाच्या पानांची किनार, पुढे नंदी, मागे नाव. सॉफ्टवेअरमध्ये चौकटी आहेत, सोळा टिंबं उंच. एकेक टिंब लावत चित्र काढायचं. हे काम माझ्यासारख्यालाच जमेल.

२६ जुलै, रविवार

नंदी झाला. मुलगी शिवानी (बी.ए. सेकंड इयर) ऑफिसात डबा घेऊन आली होती. म्हणाली, बाबा, शेळी मस्त झालीय. शिंगं मोठी केली. आता खुर्ची दिसते.

उद्या सोमवार. नाव राहिलं आहे. पहाटे उठून टाकणार.

२७ जुलै, सोमवार, संध्याकाळ

पहाटे लाइट नव्हती. हे माझ्या हातात नाही.

आरतीनंतर मावशी कमानीसमोर ओट्यावर बसल्या. नवं लुगडं. विचारलं, आलं का वो शेट त्यांचं? वर ॐ नमः शिवाय जात होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात केदारनाथ आलं आणि माझा हात आपोआप वर गेला. म्हणालो, हे काय, हेच. ॐ नंतरचं.

मावशींनी दोन्ही हात जोडले. नाव पलीकडे जाईपर्यंत मान त्याच्यासोबत फिरवली. म्हणाल्या, लई झपाझपा जातंय. तसंच चालायचे ते.

माझ्या नावाला हात जोडले. जेवताना अर्धी भाकरी ताटातच ठेवली. शिवगंगा म्हणाली, ॲसिडिटी हाय, सोडा घ्या. घेतला.

फक्त आजच्यापुरतं होतं. पुढच्या सोमवारी खरं नाव असेल, त्यांना फरकही कळणार नाही. म्हणजे तसं पाहिलं तर खोटं बोललोच नाही, जरा लवकर बोललो.

३ ऑगस्ट, सोमवार

नंदी नव्याने काढायला घेतला. पाठीमागचा भाग जमला. तोंड बाकी.

मावशी आल्या. मी ऑफिसातच थांबलो. खिडकीतून बघत होतो. ॐ गेल्याबरोबर हात जोडले. मला न विचारताच. बाजूच्या बायकांनाही दाखवलं, पण कुणाचं नाव ते सांगता येईना, नुसतं बोट केलं. त्या बायकांनीही देवाचं म्हणून हात जोडले.

असं बघितलं तर चार बायकांनी मला नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मला मोरीत जाऊन तोंड धुवावंसं वाटलं.

निश्चय: (१) नंदी सोडून द्यायचा. (२) दुसरा चॅप्टर उघडायचा. (३) सोडा कमी करायचा.

९ ऑगस्ट

नंदी सोडायचा म्हटलं तर पंधरा दिवसांची मेहनत वाया. म्हणून फक्त तोंड पूर्ण करून मग सोडणार.

१७ ऑगस्ट, शेवटचा श्रावणी सोमवार

आप्पा माजलगावहून आले. कारखान्याच्या निवडणुकीत आहेत, गावात दिवसाच येतात, आणि दिवसा उन्हात बोर्डावर काही दिसत नाही. विचारलं, म्हातारीच्या मालकाचं नाव लागलं ना बे? मी म्हणालो, डिझाइन फायनलला आहे. म्हणाले, डिझाइन कशाचं, नावच हाय ना? मी त्यांना बॉर्डर, इफेक्ट, स्पीड हे शब्द सांगितले. ते पान खाऊन गेले.

सकाळी दुकान उघडताना पायरीवर केळीच्या पानात पुरणाची पोळी होती. शेजाऱ्याने सांगितलं, बायनाबाई ठेवून गेल्या, शेट आमच्या मालकाचं काम रोज बसून करतात म्हणाल्या. खरं तर मी बसतोच, हे चूक नाही.

पोळी शिवानीने खाल्ली. मला नको होती.

३१ ऑगस्ट, सोमवार

मावशी ओट्यावर बसून बोटाने धुळीत काहीतरी ओढतात. बोर्डाकडे बघतात, पुसतात, पुन्हा ओढतात. सोमवार मोजत असतील. म्हाताऱ्या माणसांना काही ना काही नाद असतो.

गणपतीत तोरणं, झुरमुळ्या, क्रेप पेपर. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कुणीही समजून घेईल.

कबूल करतो, काल फुरसत होती. मशीनसमोर बसलोही. दुसऱ्या चॅप्टरच्या पानाला हात लावला आणि वाटलं, आता नाव टाकलं तर इतके दिवस काय होतं, हे मलाच विचारावं लागेल. पुस्तक मिटलं. नंदीचा कान दुरुस्त केला.

१४ सप्टेंबर, सोमवार

घरात एक गोष्ट झाली. लिहू की नको, असं वाटत होतं.

शिवानी शाळेत प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला शिकवायला जाते. जेवताना सांगत होती, बायनाआजी चार दिवस आल्या, अआइई शिकायला तयारच होईनात. म्हणाल्या, मला एकच लिवायचं हाय आणि ते मला येतं, तू फक्त पेन्शिल धरायला शिकव. आणि पाटीवर लिहिलं. थरथरतं, पण स्पष्ट. केदारनाथ.

शिवानी म्हणाली, मी म्हटलं, वा आजी, देवाचं नाव! तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि पाटी छातीशी धरली. उद्यापासून येत न्हाई म्हणाल्या, मला यवढंच पायजे होतं.

धुळीत तेच ओढत होत्या. सोमवारी एखादं अक्षर. ते पळायचं, त्या पुढच्या फेरीला पुन्हा धरायच्या. सात सोमवार.

शिवानीला वाटलं ठसका लागला. पाठीत थापट्या मारत होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोर नाही. मी उशीर केलेला माणूस आहे.

१५ सप्टेंबर

आज नक्की. दुपारी दुकान बंद करून ऑफिसात गेलो. गुरवाने किल्ली कमरेला लावली होती आणि तो परळीला गेलता म्हणे, सोयऱ्याकडे. एक तास बाहेर उभा होतो, याला साक्षीदार आहेत. परत येताना मन हलकं वाटलं. तेही बरं वाटलं नाही.

२८ सप्टेंबर, सोमवार

मावशी आल्या नाहीत. चौकशी केली नाही. मला वाटलं, बरं झालं. मग वाटलं, आपल्याला असं वाटावं, इथपर्यंत आलो.

निश्चय: मावशींना खरं सांगायचं. दसऱ्याला. शुभ दिवस. वाक्यं पाठ केली: मावशी, टेक्निकल कारणामुळे आजवर जे जात होतं ते तात्पुरतं होतं. 'तात्पुरतं' हा शब्द चांगला आहे.

१ ऑक्टोबर, दसरा

मावशी सोनं द्यायला घरी आल्या. माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. मी म्हणालो, मावशी, टेक्निकल.

त्यांनी लुगड्याचा पदर मागे सारला आणि उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवी अक्षरं. अजून सुजलेली, हळद लावलेली. बाजारात मशीनने गोंदणारा येतो, त्याच्याकडून करून घेतलं. पाटी घेऊन गेल्या होत्या. त्यावरून त्याने उतरवलं.

केदारनाथ.

मावशी म्हणाल्या, त्यांच्या जितेपणी र्‍हाऊन गेलं बघा. आता माघारी गोंदलं. लोक म्हणतात देवाचं गोंदलं, चांगलं केलं. म्या बी न्हाई सांगितलं कुणाचं ते. ताप आलता दोन दिस, म्हणून सोमवारी न्हाई आले. मी म्हणालो, हळद लावत जा. 

शिवगंगा दारात उभी होती. तिने हात वाचला, माझं तोंड वाचलं. मावशी गेल्यावर सगळं सांगावं लागलं. पहिल्या सोमवारापासून. नंदीसकट.

तिने माझ्या हातातली पानं घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाली, माझ्या हातावर तुमचं नाव न्हाई, तिच्या हातावर हाय. मी म्हणालो, तसं ते देवाचंही नाव आहे. ती म्हणाली, माणूस मेलं की अंगावरचं सोन्याचं डाग बी इथंच र्‍हातं. गोंदणच तेवढं संगं जातं. वर गेल्यावर ती हात दाखवून कुणाला हुडकील वो? तुमाला?

पानं अजून टेबलावर आहेत. आज कुणाला सोनं द्यायला गेलो नाही.

२ ऑक्टोबर, दुपार

दुकान बंद. गांधी जयंती. ऑफिसात जाऊन दुसरा चॅप्टर उघडला.

एफ-टू दाबायचं. मजकूर टाइप करायचा. मराठी अक्षरं कुठल्या बटणावर ते मागच्या पानावर छापलं आहे. एफ-सेव्हन दाबायचं. एंटर.

'कै. राधाकिशन यांच्या स्मरणार्थ.' घड्याळ लावून केलं. अकरा मिनिटं.

खिडकीतून वाकून बघितलं. उन्हात अंधुक दिसत होतं, पण पळत होतं. अकरा मिनिटांचं काम दहा आठवडे झालं नाही. मला लाज वाटली. हे कुठल्याही कारणाशिवाय लिहितो.

मग पुन्हा एफ-टू दाबून काढून ठेवलं. कारण प्रश्न आता वेगळा आहे. माझं नाव काढलं तर मावशी विचारतील. ठेवलं तर हे असंच राहणार.

४ ऑक्टोबर, रविवार

तोडगा सापडला! दोन्ही ठेवायची. आधी ॐ, मग मावशींच्या ओळखीचं, मग खरं. मावशींना त्यांचं दिसेल. महादेवाला राधाकिशनरावांचं दिसेल, त्याला वाचता येतं. आप्पांना दिसेल, लोकांना दिसेल. खोटं कुणाचंच नाही. पुढे हळूहळू, सात-आठ महिन्यांत, माझं काढून टाकता येईल.

शिवगंगाला सांगितलं. ती म्हणाली, जाऊन पाय धरा तिचे आन खरं काय ते सांगा. बायकांना टेक्निकल बाजू कळत नाही.

बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

५ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी बोर्ड लावला. ॐ नमः शिवाय. केदारनाथ. कै. राधाकिशन यांच्या स्मरणार्थ. सुंदर दिसत होतं. नंदी टाकला नाही.

मावशी आल्या, ओट्यावर बसल्या. ॐ गेलं. केदारनाथ आलं. त्यांनी हात जोडले, गोंदलेला हात कपाळाला लावला. मग राधाकिशन आलं.

मावशींचे हात खाली आले. ती फेरी गेली, दुसरी बघितली. तिसऱ्या फेरीला उठून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, शेट, त्यांच्या मागं हे कोण लावलंय?

मी म्हणालो, ते पण असू द्या, मावशी. चांगलं नाव आहे.

त्या म्हणाल्या, असंल चांगलं, पर आमच्यासंगं कावून? त्यांला कुणाची भागी चालत नव्हती. सख्ख्या भावासंगं बांध नीट केला न्हाई त्यांनी. आन बोरमाळ म्या एकलीनं दिली. आवाज चढला नव्हता. डोळे भरले होते. बोट राधाकिशनवर होतं, म्हणाल्या, एवढं काढा. सोमवारचं तेवढंच तर हाय त्यांचं.

त्या वेळी सांगायला हवं होतं. पाठ केलेली वाक्यं होती. शिवगंगाचंही वाक्य होतं. मावशींनी हात पुढेच धरला होता, सूज उतरून अक्षरं आता नीट बसली होती. त्या हाताकडे बघून मी वळलो.

ऑफिसात गेलो. एफ-टू. राधाकिशन शोधलं आणि पुसलं. एफ-सेव्हन. एंटर. पुस्तक उघडावं लागलं नाही.

बाहेर आलो. केदारनाथ एकटंच पळत होतं. मावशींनी तोंड पुसलं, हात जोडले, बराच वेळ बघत बसल्या. जाताना माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, तुमी हाय म्हणून त्यांचं नाव तरी हाय, शेट.

मी हो म्हणालो.